गळाची शिशाची वजनं घरी ओतायची असतील तर

शिसं वितळवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, हे आधीच सांगून टाकतो. ३२७ अंश सेल्सिअसला ते वितळतं, गॅसचा बर्नर आणि जाड बुडाचं लोखंडी भांडं एवढ्यात भागतं. (अॅल्युमिनियमचं पातेलं नको, तापून ते कमजोर होतं आणि वर शिशाचं वजन.) जपायचं असतं ते दोन गोष्टींना, पाणी आणि धूळ.

पाण्याचा थेंब वितळलेल्या शिशावर पडला तर बहुतेक वेळा नुसता चुरचुरतो, पण तोच शिशाच्या खाली सापडला की क्षणात वाफ होते, ती वाफ पाण्याच्या दीड हजार पटीहून जास्त जागा मागते आणि भांड्यातलं शिसं थेट तोंडावर येतं. म्हणून भंगार थंड भांड्यात भरायचं आणि मगच खाली आच लावायची, मधेच तुकडा टाकायची वेळ आलीच तर तो आधी भांड्याच्या काठावर ठेवून कडकडीत तापवायचा. पळी कोरडी, साचा कोरडा, पाण्याची बाटली लांब. पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड, चामड्याचे हातमोजे, बंद बूट हे काही शोभेला नाही.

आता धूळ. लोक धुराला घाबरतात, आणि मोकळ्या हवेतच काम करायचं हे बरोबरच आहे, पण शिसं उकळतं १७४९ अंशाला, आपण ४००च्या आत राहिलो तर वाफ फारशी नसते. घात करते ती वर साठणारी राखाडी मळी, कारण ती भुकटी हाताला लागते, हाताची तोंडात जाते, कपड्यांवरून घरात येते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं अगदी थोडंसुद्धा वाईट. त्यामुळे स्वयंपाकघरात हे करायचं नाही, ती भांडी पुन्हा जेवणाला वापरायची नाहीत, काम चालू असताना खाणं-पिणं-सिगरेट बंद आणि कपडे वेगळे धुवायचे. घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर सरळ विकतची वजनं आणा, माझं तरी हेच मत.

शिसं कुठलं घ्यायचं? मऊ, नखाने ओरखडा उठेल असं. बंदुकीच्या गोळ्या ओतणारे त्यात कथील आणि अँटिमनी घालून कडक करतात, आपल्याला त्याची काही गरज नाही. गाडीच्या चाकाला लावतात ती वजनं चालतात पण त्यात हल्ली जस्ताची नि लोखंडाचीही निघतात, मात्र जस्त ४२० अंशाच्या आसपास वितळतं, तेव्हा थर्मामीटर लावून ३७०च्या पुढे गेलं नाही की ती तशीच वर तरंगतात, झाऱ्याने काढून टाकायची. बॅटरीतलं शिसं मात्र अजिबात नको, अॅसिड आणि आर्सेनिक दोन्हींची कटकट.

साचा गार असला की पहिले नग सुरकुतलेले, टोकाला अर्धवट भरलेले निघतात, ते परत भांड्यात जाणार हे धरूनच चालायचं. कडीची तार आधी साच्यात बसवायची, मग एका धारेत ओतायचं आणि तोंडावर थोडं शिसं जास्तीचं ठेवायचं, कारण गोठताना ते आक्रसतं आणि आतून ओढून घेतं. बघत राहिलं तर दिसतं, आरशासारखं चमकणारं तोंड एकदम मळकट होतं आणि मधे छोटी खळी पडते. त्यानंतर थोडं थांबून मगच साचा उघडायचा.

बारीक वजनं मात्र मी शिशाची करत नाही. पाणपक्षी ती खडे समजून गिळतात, हंस मरायला लागले म्हणून इंग्लंडमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे. तुमच्याकडे काय नियम आहे तो साचा विकत घ्यायच्या आधीच बघून घ्या. आणि काढलेली मळी घट्ट झाकणाच्या डब्यात, वर नाव लिहून, कचऱ्यात न टाकता घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.