आईच्या गुडघ्याच्या वेगाने माथेरान

आईला माथेरानला जायचं होतं, पण घोड्यावर बसायचं नव्हतं. "माझं ओझं त्या मुक्या जनावरावर कशाला?" हे तिचं कायमचं म्हणणं. वय एकोणसत्तर, डावा गुडघा कुरकुरणारा, पण रोज सकाळी तासभर चालायची सवय. तेव्हा ठरलं की एक रात्र राहायचं आणि तिच्या गुडघ्याला झेपेल तेवढंच फिरायचं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, मंगळवार-बुधवार. तिसरा गडी म्हणजे कॉलेजला बुट्टी मारून आलेला भाचा. मी दोनदा बजावूनही पांढरे बूट घालून आला होता. त्या बुटांचं काय झालं ते पुढे येईलच.

डोंबिवलीहून सकाळची कर्जत लोकल धरली की तासाभरात नेरळ. नेरळहून थेट वर जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते आणि आम्ही गेलो तेव्हा ती सुरू झालेली नव्हती. म्हणून स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. घाटाची वळणं अशी आहेत की ज्याला गाडी लागते त्याला पुढच्या सीटवर बसवा, नाश्ता वर पोचल्यावर करा. दस्तुरीला गाड्यांचं राज्य संपतं. इथे प्रवासी कर भरून पावती घ्यायची, तीही रोख सुटे पैसे देऊन. वर मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते, तेव्हा क्यूआरच्या भरवशावर येऊ नका.

दस्तुरीपासून बाजारापर्यंत अमन लॉज स्टेशनातून शटल मिळते. ई-रिक्षाही आहेत. दोन्हीकडे रांग पाहून आईच म्हणाली, "चला, पायीच." अंतर अडीच-तीन किलोमीटर, चढ अगदी मामुली. सामान हमालाकडे दिलं, दर आधी ठरवून. रुळांच्या कडेने लोक सर्रास चालतात, आम्हीही चाललो. शटल हळू येते आणि शिटी लांबून ऐकू येते, पण वळणावर जागा अरुंद आहे. लहान मुलांचा हात सोडू नका. रुळांमधलं अंतर दोन फूट. १९०७ साली ही लाइन सुरू झाली, पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने. भाच्याने दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवून फोटो काढून घेतला, तोवर बुटांच्या कडा विटकरी झाल्या होत्या.

आता मुद्द्याचं. माथेरानला पोचलं की चारी बाजूंनी "सात पॉइंट, बारा पॉइंट" सुरू होतं. आम्हाला एका घोडेवाल्या काकांनी गाठलं. म्हणाले, "मावशी, चालून काय बघणार? तीन तासांत बारा पॉइंट दाखवतो." आई म्हणाली, "अहो, तीन तासांत मला एकच पॉइंट बघायचाय." ते हसले आणि तळ्याकडची वाट दाखवून गेले. माझंही मत आईसारखंच झालंय. पॉइंट म्हणजे शेवटी कठडा, दरी आणि मक्याचं कणीस. माथेरान खरं आहे ते दोन पॉइंटांमधल्या वाटेवर. नावातच माथ्यावरचं रान आहे, दरी नाही.

पहिल्या दिवशीची फेरी: बाजार, शार्लट लेक, एको पॉइंट, लुईझा पॉइंट आणि परत बाजार. सगळं मिळून सहाएक किलोमीटर. थांबत थांबत आम्हाला चार तास लागले. बाजार सोडून पाच मिनिटं गेलात की डोक्यावर झाडी मिटते. जांभूळ, हिरडा आणि सगळीकडे अंजन. अंजनाची झाडं उंच नाहीत, खोडं वाकडीतिकडी, पानं जाड आणि चकचकीत, त्यामुळे भर दुपारीही वाट सावलीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके चिकटतात, तेव्हा परत यायचं असं आईने तिथेच जाहीर केलं. वाट सगळी लाल मातीची. जांभ्याची झीज होऊन झालेली ही माती वरून कोरडी दिसते, पण सावलीत तिच्यावर शेवाळ असतं. मुळांच्या नैसर्गिक पायऱ्या झाल्यात. त्यांवर पाय देताना काठी हवी. बाजारात साध्या काठ्या मिळतात, गुडघे दुखणाऱ्याने एक घ्यावीच. बुटाचा तळ खाचांचा हवा, महागडे ट्रेकिंग शूज नकोत.

एका जागी वरून खर्र-खर्र असा आवाज आला. लाकडावर कोणीतरी खुळखुळा घासावा तसा. भाचा म्हणाला, पक्षी. पक्षी नव्हता, शेकरू होतं. तांबूस पाठ, पिवळट पोट, आणि फांदीखाली लोंबणारी शेपूट अंगापेक्षा लांब. मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलं होतं आणि पुढच्या दोन पायांत काहीतरी फळ धरून कुरतडत होतं. साली टपटप आमच्यापुढे पडत होत्या. आम्ही दहा मिनिटं मान वर करून उभे. तेवढ्यात मागून चार घोडे आले, स्वार मोबाइलमध्ये, धूळ उडवून गेले. शेकरू त्यांतल्या कोणीही पाहिलं नाही.

तळं लहान आहे. नौकाविहार वगैरेच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. गावाच्या पाण्यासाठी बांध घालून अडवलेलं हे पाणी, तीन बाजूंनी झाडी आणि चौथीकडे दगडी भिंत. पाण्यात उतरायची मनाई आहे आणि ती पाळावी. पावसाळा नुकताच सरलेला, त्यामुळे तळं भरलेलं, सांडव्यावरून पातळ धार दरीकडे चाललेली. त्या भिंतीजवळ आम्ही तासभर बसलो. काठावरच पिसरनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. आत गारवा, बाहेर चपला. आणि चपलांवर माकडांचा डोळा! इथे आमचा गाफीलपणा नडला. आईने देवळात जाताना केळ्यांची पिशवी पायरीवर ठेवली आणि वळून पाहीपर्यंत पिशवी झाडावर. केळी गेली त्याचं काही नाही, त्यात तिचा चष्मा होता. माकडाने केळी खाऊन पिशवी खाली टाकली. चष्मा वाचला, काडी वाकली. तेव्हा खाणं बंद चेनच्या पाठपिशवीतच ठेवा आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी मिरवू नका. पिशवीत काय आहे हे ती बघत नाहीत, पिशवी आहे एवढंच बघतात.

तळ्यावरून एकोकडे जाताना चुकलो. पाट्या आहेत, पण काही पुसट, काही उलट दिशेला फिरलेल्या. एक रुंद वाट धरली ती थेट एका बंद बंगल्याच्या फाटकात गेली. माथेरानात असे जुने बंगले बरेच, आणि त्यांच्या वाटाही मुख्य वाटेइतक्याच ऐसपैस. खूण सोपी आहे: घोड्यांची ताजी लीद दिसत असेल तर वाट पॉइंटाला जाते. लीद संपली की मागे फिरा. शिवाय निघण्याआधी ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा.

एकोवर भाचा ओरडून आला. लुईझावरून समोर प्रबळगड, त्याच्या शेजारी कलावंतिणीचा सुळका. संध्याकाळी गर्दी होते, आम्ही तीनला होतो म्हणून शांत मिळालं. कड्याच्या टोकाची माती भुसभुशीत असते, कठड्याच्या आतच राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पूर्वेची बाजू: खंडाळा पॉइंट, अलेक्झांडर, रामबाग. जाऊन-येऊन तीन तास. मला विचाराल तर तळ्यापेक्षाही ही वाट सरस, कारण सकाळी तिथे माणूसच नसतो. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढले आणि रामबागेच्या बाजूने उतरले, तिथून माथेरानचं थंड हवेचं ठिकाण होणं सुरू झालं. धुकं विरल्यावर दक्षिणेला इर्शाळगड दिसला. आई त्याच्याकडे बघत गप्प बसली. त्याच्याच पायथ्याच्या वाडीवर जुलै २०२३ मध्ये रात्री दरड कोसळली होती. तिथून उठल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

वन ट्री हिल आणि पॅनोरमा आम्ही सोडले. पॅनोरमा लांब आहे, वेगळा अर्धा दिवस हवा. वन ट्री हिलच्या शेवटच्या उतारावर निसरडे दगड आहेत. आईचा गुडघा दुसऱ्या दिवशीही जागेवर होता तो यामुळेच.

थोडकं राहिलेलं. माणशी एक लिटर पाणी पुरतं. वाटेवर टपऱ्या आहेत, पण मधल्या वारी निम्म्या बंद. विजेरी न्या, झाडीत साडेसहालाच अंधारतं. शनिवार-रविवार टाळा. शटलची शेवटची वेळ पोचल्या पोचल्या स्टेशनात विचारून घ्या. आम्ही चिक्की घेत बसलो, गाडी डोळ्यांदेखत गेली आणि परत तीन किलोमीटर पायी. आई सगळ्यांत पुढे होती.

बूट भाच्याने घरी तीनदा घासले. आता ते पांढरे नाहीत, फिक्कट गुलाबी आहेत, आणि तो म्हणतो मुद्दाम असेच घेतलेत.