एन्रॉनला विरोध का केला होता? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, एसटीत, जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "मॅडम, तुम्ही आम्हाला फिजिक्स शिकवलंत, आणि एन्रॉनच्या वेळी तुम्हीच विरोधात? शिकल्यासवरल्या माणसांनी तंत्रज्ञान असं अडवलं म्हणून तर कोकण मागे राहिलं." विचारणारे बहुतेक जण मनापासून विचारतात. त्यातले कित्येक पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीत नोकरीला आहेत. गावी वीज गेली की आईवडिलांचा फोन त्यांना जातो आणि त्यांचा मला येतो. हल्ली डेटा सेंटर, स्मार्ट मीटर, सौर प्रकल्प यांवरून वाद पेटला की तोच प्रश्न पुन्हा: तुम्ही नेमक्या कुठल्या बाजूच्या? उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून लिहून ठेवते.

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीने जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला. स्पर्धेची निविदा निघाली नव्हती. डिसेंबर १९९३ मध्ये, राज्यात काँग्रेसचं सरकार असताना, वीजखरेदीचा करार झाला. 'दाभोळ पॉवर कंपनी'त ८० टक्के वाटा एन्रॉनचा, उरलेले दहा-दहा टक्के जनरल इलेक्ट्रिक (जीई) आणि बेक्टेल या अमेरिकन कंपन्यांचे. नाव दाभोळचं, पण प्रकल्प खाडीच्या अलीकडे, माझ्या माहेरच्या गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या परिसरात. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली, सत्तेवर आल्यावर ऑगस्टमध्ये करार रद्दही केला, आणि जानेवारी १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून जास्तच मोठ्या प्रकल्पाला मान्यता दिली. २,०१५ मेगावॉटचे २,१८४ झाले. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रातल्या तेरा दिवसांच्या सरकारने प्रतिहमीला, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्र भरेल या हमीला, मंजुरी दिली. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, मे २००१ मध्ये तो बंद पडला, आणि डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉननेच अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.

आता तंत्रज्ञानाबद्दल. हा आरोप मला फार लागतो, कारण ते यंत्र मी वर्गात जीव ओतून शिकवलं आहे. त्या वेळच्या कोळशाच्या केंद्रात इंधनातल्या उष्णतेचा फार तर एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग विजेत उतरत असे, बाकीची चिमणीतून आणि थंड करायच्या पाण्यातून निघून जाई. एन्रॉनच्या प्रकल्पातल्या 'कम्बाइन्ड सायकल' पद्धतीत गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणारा सहाशे अंशांच्या आसपासचा तप्त वायू हवेत सोडून देत नाहीत. तो बॉयलरमधून फिरवतात, त्याच्यावर वाफ करतात, आणि त्या वाफेवर दुसरं टर्बाइन चालवतात. इंधन तेच, काम दोनदा, आणि कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर. फळ्यावर कार्नोचं समीकरण मांडून मी मुलांना विचारायची की बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान इतकं असेल तर अजून किती काम काढता येईल? एखाद्या मुलाच्या डोक्यात प्रकाश पडला की त्याचा चेहराच बदलायचा. असं सुंदर यंत्र आपल्या तालुक्यात उभं राहतंय याचा मला आनंद होता. विरोध यंत्राला नव्हता. ते यंत्र ज्या कागदाच्या आधारावर उभं होतं त्या कागदाला होता, आणि तो कागद आम्हाला बघायला मिळत नव्हता.

त्या कागदात काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळं तिथेच आहे. वीज किती वापरली यावर पैसे द्यायचे, असं आपल्याला वाटतं. एन्रॉनच्या करारात पैशाचे दोन भाग होते. एक इंधनाचा, जितकी वीज घ्याल तितका. दुसरा स्थिर आकार, तो केंद्र वीज द्यायला सज्ज आहे एवढ्यासाठीच द्यायचा, वीज घ्या किंवा न घ्या. गावाने आख्खी एसटी वर्षभरासाठी आरक्षित करावी, चार माणसं बसोत की चाळीस, भाडं पूर्ण गाडीचं, असा तो प्रकार. दोन भागांचा दर ही काही पापाची गोष्ट नाही, जगभर असे करार होतात. पण इथे तो स्थिर आकार डॉलरशी बांधलेला, मुदत वीस वर्षांची, आणि रुपया घसरला, तेल महागलं, मागणी कमी पडली, तर प्रत्येक वेळी भुर्दंड मंडळाच्या माथी. करार झाला तेव्हा डॉलर ३१-३२ रुपयांना होता, २००० साली ४५ च्या घरात. पहिला टप्पा नाफ्थ्यावर, म्हणजे कच्च्या तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर, चालायचा आणि कच्चं तेल तेव्हाच भडकलेलं. वीज महाग म्हणून मंडळ कमी घ्यायचं, कमी घेतली की तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर वाटला जायचा, म्हणजे युनिट आणखी महाग. काही महिन्यांत एन्रॉनची वीज युनिटमागे सात रुपयांच्या पुढे गेली. आणि ती घ्यायची म्हणून मंडळाला स्वतःची स्वस्त कोळशाची केंद्रं कमी भारावर चालवावी लागत होती.

हे कुणाला आधी दिसलं नव्हतं असं नाही. १९९३ मध्येच जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता, कारण वीज महाग पडेल आणि स्वस्त वीज बाजूला सारावी लागेल. जागतिक बँक म्हणजे काही खासगी कंपन्यांची वैरीण नव्हे. पुण्यात विजेच्या धोरणाचा अभ्यास करणाऱ्या प्रयास संस्थेत गिरीश संत आणि त्यांचे सहकारी मिळेल तेवढ्या माहितीवर हाच हिशोब मांडत होते. त्यांचं लिखाण वाचून पहिल्यांदा मला कळलं की विजेचा दर हा सरळ गणिताचा विषय आहे आणि तो मी सोडवू शकते. पण गणितासाठी आकडे लागतात. करार गोपनीय. २,१८४ मेगावॉटचं कर्ज, हमी, प्रतिहमी, सगळं आपल्या नावावर, आणि कलमं मात्र आपल्यापासून झाकलेली.

२८ जानेवारी २००१ चा दिवस मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. मंडळाने दाभोळच्या वीजकेंद्राला पूर्ण क्षमतेने वीज द्यायला सांगितलं. करारानुसार केंद्राने ठरलेल्या तीन तासांत पूर्ण क्षमतेवर यायचं होतं. ते आलं नाही. करारातच यासाठी दंडाचं कलम होतं, त्यावर बोट ठेवून मंडळाने ४०१ कोटी रुपयांचा दावा लावला आणि थकलेली बिलं त्यातून वळती करू म्हटलं. कंपनीने ते मानलं नाही, सरकारी हमीवर बोट ठेवलं, आणि पुढच्या काही महिन्यांत सगळं कोर्टकचेरीत गेलं. मंडळाच्या हाताशी शेवटी जे शस्त्र आलं, ते करारातलंच एक तांत्रिक कलम होतं. ते कलम १९९३ साली शंभर इंजिनिअरांनी, पाच-दहा प्राध्यापकांनी, चार हिशोबनीसांनी उघडपणे वाचलं असतं, तर बाकीची कलमंही वाचली गेली असती. नंतर या प्रकरणाच्या तपासणीसाठी राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये अहवाल दिला, त्यात कुठल्याही एका पक्षाला सोडलेलं नाही. निर्णयाच्या प्रत्येक पायरीवर शासनव्यवस्था अपुरी पडली, असा त्याचा सूर आहे. आमच्याकडे आजही लोक काँग्रेसने केलं की युतीने यावर भांडतात. दोघांनीही केलं.

"पण मग लोडशेडिंग झालंच ना?" हा पुढचा प्रश्न. झालं. २००५ नंतरची काही वर्षं खेड्यापाड्यांत बारा-बारा तास वीज नसायची, ते मीही भोगलं. पण एन्रॉन चालू असता तर ते टळलं असतं का? २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या दोन सरकारी कंपन्यांनी 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही कंपनी काढून तोच प्रकल्प हाती घेतला. ना डॉलरचा हट्ट, ना विरोधाचे मोर्चे, सगळ्या सरकारांचा पाठिंबा. तरी प्रकल्पाला ज्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून गॅस यायचा तिथला गॅस आटत गेला आणि २०१३ मध्ये वीजनिर्मिती थांबली. परदेशातून द्रवरूप गॅस आणावा तर वीज परवडेना, आणि त्यासाठी बांधलेल्या धक्क्याचा लाटारोधक बांध अपुरा, म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला सुमारे ५०० मेगावॉट वीज द्यायचं ठरलं तेव्हा कुठे थोडी धुगधुगी आली. केंद्र तेच, टर्बाइन तीच. अडचण इंधनाच्या भावाची होती, आणि ती १९९३ सालीही कागदावर मांडता आली असती.

एका बाबतीत मी तेव्हाच्या अनेक सहकाऱ्यांशी भांडत आले. "परदेशी कंपनी हाकला" ही घोषणा मला कधीच पटली नाही. कोयनेला जागतिक बँकेचं कर्ज होतं, परदेशी यंत्रं देशभर चालतात. कंपनी देशी असती आणि करार हाच असता, तरी मी मोर्चात असते. स्वदेशीच्या घोषणेने नुकसान एवढंच झालं की करार जरा बदलून मोठा झाला तेव्हा लोकांना वाटलं, आपण जिंकलो.

आणि वेलदूर. याबद्दल लिहिताना अजून हात थांबतो. जून १९९७ मध्ये पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले. पुरुष समुद्रावर गेलेले. बायकांना घरांतून ओढून काढून मारहाण झाली, गाड्यांत भरून नेलं. अ‍ॅम्नेस्टीने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात हे सगळं नोंदवून ठेवलं आहे, आणि बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च कंपनी उचलत होती हेही त्या दुसऱ्या अहवालात आहे. त्या बायकांचा प्रश्न साधा होता: खाडीत गरम पाणी सोडलं तर आमची मासळी कुठे जाईल? हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे. माझ्या वर्गातल्या मुलाने विचारला असता तर मी शाबासकी दिली असती. त्यांना तंत्रज्ञानविरोधी म्हणणाऱ्या माणसाशी मी शांतपणे बोलू शकत नाही.

तेव्हा आज मी कुठल्या बाजूची? सौर कृषी वाहिनीचं, म्हणजे शेतीपंपांना सौर प्रकल्पांतून वीज देण्याच्या योजनेचं, उदाहरण घ्या. राळेगणसिद्धीपासून सुरुवात झालेली ही योजना आता राज्यभर मोठ्या प्रमाणावर राबवली जाते आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, रात्री बिबट्या-सापांच्या भीतीत पाणी द्यायला जावं लागत नाही. कंत्राटं निविदेने गेली, दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास, पंचवीस वर्षांसाठी, रुपयांत, आणि इंधनाचा भाव वाढण्याचा प्रश्नच नाही. जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. दर मला कळतो, मुदत कळते, म्हणून मी या योजनेच्या बाजूने बोलते. काही गावांत गायरान द्यायला विरोध झाला, तिथे मात्र मी गुराख्याच्या बाजूला उभी आहे, कारण गायरानाच्या बदल्यात त्याला काय मिळणार हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

स्मार्ट मीटरचंही तेच. मीटर म्हणून ते उत्तम यंत्र आहे. दिवसा उन्हाच्या वेळी वापरलेल्या विजेला सवलत द्यायची तर कुठल्या तासाला किती वापरली हे मोजणारा मीटर लागणारच. पण २०२३ मध्ये राज्यात सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरांची कामं दिली गेली, एकूण रक्कम सुमारे सत्तावीस हजार कोटी, म्हणजे मीटरमागे बारा हजारांच्या घरात. केंद्र सरकारचं अनुदान मीटरमागे नऊशे रुपयांपर्यंत. उरलेले पैसे विजेची गळती कमी होऊन वसूल होतील असं सांगतात. किती गळती, कुठल्या भागात, कुठल्या वर्षापर्यंत, आणि तेवढी कमी झाली नाही तर कुणाच्या बिलात? हे विचारणाऱ्याला मागासलेला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या डेटा सेंटरांबद्दलही मला एवढंच हवं आहे: त्यांच्यासाठी ज्या वाहिन्या आणि उपकेंद्रं उभी राहतील, त्यांचा खर्च कुणाच्या दरात बसतो, तो तक्ता.

एन्रॉनच्याच काळात आपल्याला एक मोलाची गोष्ट मिळाली, ती म्हणजे वीज नियामक आयोग. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने राज्याराज्यांत आयोग आले, महाराष्ट्रात १९९९ मध्ये. दरवाढीचा अर्ज आता सगळ्यांना वाचता येतो, त्यावर हरकत घेता येते, जाहीर सुनावणी होते. अशाच एका सुनावणीत मी पाहिलेला प्रसंग सांगते. एक वयस्कर शेतकरी उठले, पिशवीतून अर्जाची छापील प्रत काढली, चष्मा लावला आणि तक्त्याचा क्रमांक वाचून म्हणाले, "हा गळतीचा आकडा मागच्या अर्जात वेगळा होता. तो का बदलला?" समोरच्या बाजूचे अधिकारी उभे राहिले, फाइल चाळली, आपसात बोलले. उत्तर लेखी देऊ म्हणाले आणि आयोगाने ते नोंदवून घेतलं. त्या गृहस्थांनी पान दुमडून ठेवलं आणि पुढच्या तक्त्यावर गेले. १९९३ मध्ये असं विचारायला जागाच नव्हती. पण या सुनावण्यांना आज माणसं कमी येतात. मोबाइलवर दिवसभर वाद घालणारे माझे विद्यार्थी तिथे दिसत नाहीत.

अर्ज शेकडो पानांचा असतो, इंग्रजीत असतो, हे खरं. पण दरवाढीच्या अर्जाचा गोषवारा मराठीतही मिळतो, जाहीर सूचना मराठी पेपरात येते आणि हरकत एका पानाचीही चालते. पुढची सूचना आली की मला कळवा. तक्ते कसे वाचायचे ते दाखवायला मी तयार आहे, चिपळूणला या नाहीतर व्हिडिओ कॉलवर बसू. अर्जातली महसुली तूट (खर्च आणि वसुली यांतला फरक) आणि वीजखरेदीचा खर्च ही दोन प्रकरणं आधी वाचून ठेवा.