चोडणला जाताय? आधी भरतीची वेळ काढा

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्याबद्दल जो तो एकच सांगतो: रायबंदरहून फेरी पकडा, पलीकडे उतरा, धक्क्याला लागूनच फाटक आहे, तिकीट काढा आणि पक्षी बघा. भरती-ओहोटीचं नाव कुणी काढत नाही. या बेटावर दिवस कसा जाणार ते मात्र तीच ठरवते.

आम्ही पंचमीला गेलो. होडीवाल्याशी आदल्या दिवशी फोनवर बोलणं झालं होतं. "आठ वाजता या, पाणी चांगलं असतं," हे त्याचे शब्द. पंचमीला पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी सकाळी पावणेदहाच्या आसपास. म्हणजे आठला पाणी भराभर उतरत असतं. तिथे रोज होडी घालणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही.

मांडवी नदीतून कांदळवनातल्या चिंचोळ्या फाट्यात शिरलो आणि थोड्याच वेळात होडीचा तळ घासायला लागला. मग ती रुतलीच. "उदक येतलें आतां," म्हणजे आता पाणी येईल, असं होडीवाला सांगत राहिला, आणि आमच्या डोळ्यांदेखत काठचा चिखल रुंद होत गेला. उतरून चालणं अशक्य, कारण चिखल गुडघ्याच्या वर आणि त्यातून तिवराची श्वासमुळं खिळ्यांसारखी वर आलेली. ऊन चढलं, डास होतेच. पाणी परत वळेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो. धक्क्याला लागल्यावर त्याने अडकलेल्या वेळाचेही तासाच्या दराने पैसे मागितले, वर कॅमेऱ्याचे वेगळे. कॅमेऱ्याचं तिकीट फाटकावर काढून झालं होतं. पावती दाखवली तेव्हा ते पैसे सोडले, तासांचे सोडले नाहीत. ही सरळ लूट आहे.

तेव्हा हिशोब घरीच करून निघा. कोकणातली जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती, त्यामुळे तीच वेळ सकाळी आणि रात्रीही. ओहोटी साधारण सहा तासांनी. मुखापासून आत नदीत पाणी थोडं उशिरा चढतं, तेवढी सूट ठेवा. होडीने जायचं तर एकादशी-द्वादशी धरा, पूर्ण भरतीच्या तासभर आधी बसा आणि पाणी उतरायला लागताच बाहेर पडा.

पण भरतीला चिखलपट्टे बुडतात आणि तुतवार, चिखले दूर जातात. तेव्हा खंड्या, बगळे आणि फांदीवर बसलेली ब्राह्मणी घार बघायची. किनारी पाणपक्षी हवे असतील तर उलटं करा: तृतीया-चतुर्थीची सकाळ, ओहोटी, होडी नाही, पायी. हिवाळी पाहुणे ऑक्टोबर ते मार्च. दोन्ही एकाच सकाळी साधत नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

अभयारण्य जेमतेम 178 हेक्टर, बेटाच्या पश्चिम टोकाला. 1988 साली जाहीर झालं, सलीम अलींच्या निधनाच्या पुढच्याच वर्षी. आतल्या पायवाटेवर झाडी दाट. आवाज भरपूर, दिसतं कमी. चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे मात्र पायाशी दिसतात.

त्या होडीनंतर चिडून आम्ही गावाकडच्या खाजणांच्या (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतांच्या) बांधावर गेलो, आणि तिथे मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, पाणमांजरं दिसली! आख्खं कुटुंब: मासा तोंडात धरून पोहणारी मोठी आणि त्यांच्यामागे चीं-चीं करणारी पिल्लं. कितीतरी वेळ ती आमच्यासमोर होती, आणि होडीत बसून जे मिळालं नाही ते बांधावर फुकट मिळालं. माझं मत पक्कं आहे: वेळ कमी असेल तर होडी सोडा, बांध सोडू नका. बांधावरून सांभाळून चाला, शेतात उतरू नका, आणि पाण्याच्या कडेला बसू नका. या नद्यांत मगरी आहेत.

बाकी गाव, चर्च, जुनी घरं छान आहेत. माशेलच्या देवकीकृष्ण देवस्थानाचं मूळ स्थान हेच बेट. रायबंदरला पणजीहून बस मिळते. गाडीने येणाऱ्यांना मयेकडून पूलही आहे. खाणं-पाणी सोबत न्या, फाटकाशी काही मिळेल यावर विसंबू नका.

होडी ठरवताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या: दर माणशी की होडीचा, फेरीचा की तासाचा, आणि होडी रुतली तर त्या वेळाचे पैसे कुणाचे. शेवटच्या प्रश्नावर तो हसून विषय बदलायला लागला तर दुसरा होडीवाला बघा.