साती गावातलं ते जेवण

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं कझाकस्तानला जाऊन आलो. आल्यापासून सगळे तेच तीन प्रश्न विचारतात. थंडी होती का, चारीनची दरी बघितली का, स्वस्त पडलं का. थंडी होती, दरी बघितली, स्वस्त पडलं. भारतीय पासपोर्टला 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही हेही खरं. पण मला लिहायचंय ते एका जेवणाबद्दल. येऊन पंधरा दिवस झाले तरी ते डोक्यातून जात नाही.

साती हे गाव अल्माटी शहरापासून पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. डोंगरातल्या कोलसाई आणि काइंडी या तळ्यांना जाणारे लोक इथल्या घरांमध्ये उतरतात. काइंडीचं तळं 1911 च्या भूकंपात दरड कोसळून ओढा अडला, त्यातून झालं. पाण्याखाली गेलेल्या सूचिपर्णी झाडांचे वाळके शेंडे अजून तळ्यात सरळ उभे आहेत. जुन्या रशियन गाडीतून हाडं खिळखिळी करत जायचं आणि शेवटचा टप्पा चालत किंवा घोड्यावरून. मी घोडी घेतली. करडी, बुटकी, केसाळ. लगाम बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाच्या हातात होता. उतारावर मी घाबरले की तो घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा आणि ती पाऊल जपून टाकायची. उतरल्यावर मी तिच्या मानेवरून हात फिरवला, तेव्हा तिचं अंग गरम लागलं, वाफ निघत होती.

हे दुपारी. आणि रात्री ताटात घोडा आला.

आम्ही चौदा जण होतो, सगळे मराठी. सकाळी ग्रुप लीडरने सांगून ठेवलं होतं की आज यजमानांकडे पारंपरिक जेवण आहे. काय असेल ते मात्र सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं, तिथेच पहिली चूक झाली. घरच्या बाईंना सगळे 'आपा' म्हणत होते, सत्तरीच्या असतील. मधोमध त्यांनी मोठं ताट आणून ठेवलं. कणकेच्या रुंद, उकडलेल्या पोळ्या, त्यावर मटण, कांदा, वरून गरम रस्सा. याला बाहेरचे लोक बेशबर्माक म्हणतात, म्हणजे 'पाच बोटं', कारण ते हाताने खायचं. घरात त्याला नुसतं 'एत' म्हणतात, मांस. ताटाच्या कडेने गडद मांसाच्या चकत्या लावल्या होत्या, प्रत्येकीला पिवळसर चरबीची किनार. ती काझी. घोड्याच्या बरगडीचं मांस चरबीसकट आतड्यात भरायचं, मीठ, मिरी, लसूण लावायचं, टोकं बांधून वाळवायचं किंवा धुरावायचं आणि मग मंद आचेवर तास न् तास शिजवायचं. पाहुण्यासाठी राखून ठेवायचा पदार्थ. दोन दिवस आधी अल्माटीच्या ग्रीन बाजारात मी तिची वेटोळी टांगलेली बघितली होती. तिथे घोडा, गाय, मेंढी असे मांसाचे वेगवेगळे ओटे आहेत.

कुणीतरी विचारलं हे कसलं. आपांची नात शहरात शिकणारी, तिला इंग्रजी येत होतं. तिने सरळ सांगितलं.

मग जे झालं त्याची मला आजही लाज वाटते. आमच्यातल्या एका काकांनी हात झटकला आणि मोठ्याने म्हणाले, "घोडं? राक्षस आहेत का हे लोक?" दुसऱ्या एकाने नाकाला रुमाल लावला आणि मोबाइल काढून ताटाचं शूटिंग सुरू केलं, "बघा मित्रांनो, आमच्या पुढ्यात काय आलंय." भाषा कळत नसली तरी चेहरे कळतात. लीडरने काय करावं? काझीच्या चकत्या एका बशीत गोळा केल्या आणि ती बशी सगळ्यांसमोर आपांच्या हातात दिली. आपांनी ती घेतली, वर एक स्वच्छ फडकं झाकलं आणि आत गेल्या. परत आल्या त्या चहा घेऊन, आणि चौदा जणांना एकेक करून हसून चहा दिला.

मी त्या वेळी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

राक्षस म्हणणारे ते काका रोज रात्री चिकन मागायचे. त्यांनी चिकन खावं, माझी तक्रार नाही, मीही मटण खाते, खेकडे खाते, सुकट भाजते. पण आपण खातो ते जेवण आणि दुसरा खातो तो राक्षसीपणा, हे मला पटत नाही. लहानपणी गावच्या जत्रेसाठी घरी बोकड आणला होता. दोन महिने मी त्याला बाभळीच्या शेंगा चारल्या. जत्रेच्या दिवशी मी जेवले नाही, रडून रडून झोपले. पुढच्या वर्षीचा बोकड थेट बाजारातून आला आणि मी पोटभर जेवले. फरक बोकडात नव्हता, ओळखीत होता.

सगळे खोल्यांमध्ये गेल्यावर मी फराळाचा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले. माफी मागायची होती, कशी ते ठरवलं नव्हतं. आपा भांडी विसळत होत्या, नात पुसत होती. मी डबा उघडला. आपांनी एक शंकरपाळा उचलला, दातांनी फोडला आणि नातीकडे बघून म्हणाल्या, "बाउरसाक!" त्यांच्याकडे पिठाचे तळलेले गोळे असतात, त्यांचं हे नाव. मग त्यांनी मला बसवून घेतलं आणि अर्धी वाटी चहा ओतला. अर्धीच ओततात. वाटी पूर्ण भरली की पाहुण्याला 'पी आणि नीघ' सांगितल्यासारखं होतं, पुन्हा पुन्हा भरत राहण्यात मान आहे.

बशीवरचं फडकं काढून त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली नाही, नुसती बघत राहिल्या. मी एक चकती हातात घेतली. लसणाचा वास चांगला होता. पण तोंडापर्यंत हात जाईना. किळस नव्हती. आमच्या देवघरातला खंडोबाचा टाक डोळ्यांसमोर आला. चांदीचा, पत्र्यासारखा पातळ, देव घोड्यावर बसलेला. पिढ्यान् पिढ्या धुऊन धुऊन देवाचं तोंड गुळगुळीत झालंय, घोड्याचा उचललेला पाय मात्र अजून बोटाला लागतो. मणी दैत्याने मरताना आपला पांढरा घोडा देवाला दिला, ही गोष्ट मी आईच्या मांडीवर ऐकलेली. मी चकती खाली ठेवली आणि नातीला म्हटलं, आपांना सांग, आमचा कुलदेव घोड्यावर बसतो. म्हणून जमत नाही. तुमच्यात काही वाईट आहे म्हणून नाही.

आपांनी देवाचं नाव विचारलं. दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, आमच्याही घोड्यांचा राखणदार आहे, कंबर अता. उंटांचा वेगळा, गाईंचा वेगळा, मेंढ्यांचा शोपान अता. त्यांच्यात जनावरांच्या चार जाती मोजतात: घोडा, उंट, गाय, शेळी-मेंढी. चारही पाळतात, चारही खातात आणि चारही राखणदारांच्या हवाली असतात.

मला राहवलं नाही. मी विचारलं, दुपारी मी बसले होते ती घोडी? नातीने डोळे मोठे केले. "ती? ती माझ्या भावाची आहे! ती कोण खाईल!" खायचे घोडे कळपातले, खोगीर न पाहिलेले. हाताखालचा घोडा मेला तर त्याची कवटी उंच जागी ठेवतात, कुणाचा पाय लागू नये म्हणून. पूर्वी घरचा कर्ता गेला की त्याच्या घोड्याची आयाळ आणि शेपूट कापायचे, वर्षभर त्यावर कुणी बसायचं नाही आणि वर्षश्राद्धाला तोच घोडा कापून सगळ्यांना जेवण घालायचे. हे ऐकून मला कसंतरी झालं, खरं सांगते. पण त्यात हेळसांड कुठेच नव्हती.

मग आपांनी एक प्रश्न विचारला. "तुमच्या देवाचा घोडा हिवाळ्यात काय खातो?"

मला प्रश्नच कळेना. गवत, म्हटलं. हरभरा.

"बर्फाखालून काढतो?"

म्हटलं, आमच्याकडे बर्फ पडत नाही.

आपांनी मान हलवली. "बर्फ पडत नाही? मग बरोबर आहे."

मग त्यांनी उठून ओट्यावर मूठभर पीठ पसरलं आणि बोटं खुराकडे वळवावीत तशी वळवून ते खरवडून दाखवलं. हिवाळ्यात गुडघाभर बर्फ असताना घोडा पुढच्या खुरांनी बर्फ उकरून खालचं गवत खातो. गाईला आणि मेंढीला तेवढं जमत नाही. म्हणून आधी घोडे सोडायचे, त्यांनी फोडलेल्या वाटेने मागून मेंढ्या चरतात. कधी बर्फ वितळून पुन्हा गोठतो, वर काचेसारखा थर धरतो आणि कळपच्या कळप भुकेने मरतात. त्याला ते 'जुत' म्हणतात, आपण दुष्काळ म्हणतो तसं. घोडा स्वतःचं पोट भरतो, मेंढ्यांचं भरतो, उन्हाळ्यात दूध देतो, हिवाळ्याच्या तोंडाशी अंगावर चरबी धरतो. त्या सुमाराला 'सोगिम' करतात: एक जनावर कापायचं, थंडीभर पुरवायचं आणि पहिलं जेवण शेजाऱ्यापाजाऱ्यांना घालायचं. जिथे धान्य पिकत नाही तिथे उणे तीस अंशांत माणूस याच चरबीवर तगतो. 1930 च्या सुमारास सोव्हिएत सरकारने कळप काढून घेतले तेव्हा जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे 15 लाख माणसं गेली. गवत तेच होतं, डोंगर तेच होते, फक्त जनावरं राहिली नव्हती.

आपल्याकडे घोडा कधी दूध-मांसाचा नव्हताच. तो मोहिमेचा. शिलेदाराचा घोडा गेला की शिलेदारकी गेली. शेत नांगरायला बैल, म्हणून पोळ्याला पुरणपोळी बैलाला. ज्या जनावराने आपल्याकडे जे काम केलं, त्यावरून त्याची जागा ठरली. युरोपात बऱ्याच ठिकाणी घोडा ताटातून उतरला त्यात धर्माचा हात मोठा. 732 च्या सुमारास पोप ग्रेगरी तिसरे यांनी बोनिफेस या धर्मप्रचारकाला पत्र लिहून जर्मन लोकांचं घोडा खाणं बंद करायला सांगितलं, ते जुन्या देवांच्या पूजेशी बांधलेलं होतं म्हणून, असं मानतात. म्हणजे तिथेही मांसाच्या चवीचा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी निघताना मी लीडरशी बोलले. जेवणात काय आहे ते आधी सांगा, ज्याला नको त्याने नको म्हणावं, पण यजमानाच्या हातात ताट परत देऊ नका. तो 'हो मॅडम' म्हणाला. ताटाचं शूटिंग करणाऱ्याशी मी उरलेला प्रवासभर बोलले नाही. अल्माटीतल्या शेवटच्या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पुढच्या आठवड्यात चंपाषष्ठीचं नवरात्र बसेल, म्हणून काल मी टाक रांगोळीने घासत बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. आपांच्या नातीने व्हिडिओ पाठवला होता. सातीत बर्फ पडलाय. पांढऱ्या उतारावर सात-आठ घोडे, माना खाली, खुरांनी बर्फ उडवताहेत. मी तो सासूबाईंना दाखवला. त्यांचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. ते लोक घोडा खातात हे मी त्यांना आल्या आल्याच सांगितलं होतं आणि त्यांनी कानावर हात ठेवले होते. काल त्यांनी चष्मा लावून व्हिडिओ तीनदा बघितला. मग पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ, मेंढरं मागं मागं येतायत."