४८ घरांचा डबा

नान्ना ग्राफवर चादरीची डिझाईनं काढायचे. (आमच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून बाबा नाही, नान्ना.) त्यांच्या टेबलावर पावत्या टोचायची एक तार होती. त्या तारेला पावती कधीच नसायची. सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा, लग्नपत्रिकेचा कोपरा, एसटीचं तिकीट, असलं काहीबाही टोचलेलं असायचं आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं एखादी नक्षी.

मी या कामात आले तेव्हा मला तो पसारा वाटला. मी फोनमध्ये फोल्डर केले : फुलं, पक्षी, देवळं, रांगोळी. दोन वर्षांत हजाराच्या वर फोटो झाले. पण डिझाईन करायला बसले की त्यातलं काहीच कामाला यायचं नाही. फुलांचा फोल्डर उघडला की फुलंच दिसायची आणि फुलांच्या चादरी सोलापुरात आधीच ढिगानं आहेत.

लिओनार्डो दा विंचीनं १५०८ साली फ्लॉरेन्समध्ये एक वही सुरू केली. हा अनेक कागदांवरून उतरवलेला विस्कळीत संग्रह आहे, पुढे विषयवार लावू, असं त्यानं सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. ती वही आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि विस्कळीतच आहे. हे वाचून मला फार धीर आला. पण मला तर सोमवारी पंचिंगला, म्हणजे मागाच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडायला, डिझाईन द्यायचं असतं. काहीतरी लावून ठेवणं भाग होतं.

उत्तर नान्नांच्या डब्यात सापडलं. तारेवरच्या चिठ्ठ्या ते महिन्यानं काढायचे आणि पत्र्याच्या डब्यांत टाकायचे. डब्यांवर नावं नव्हती, आकडे होते : २४, ४८, ९६. म्हणजे नक्षी ग्राफवर किती घरं रुंद बसेल ते. जकार्ड म्हणजे ताण्याचे (उभे) धागे हुकांनी उचलून नक्षी विणणारं मागावरचं यंत्र. ४०० हुकांच्या जकार्डवर नक्षीसाठी ३८४ धरले, तर ४८ घरांची नक्षी आठ वेळा बसते, ९६ ची चार वेळा. ग्राफची एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा (आडवा) एक धागा, म्हणजेच पंचिंगचं एक कार्ड. त्यामुळे डब्यात जाण्याआधी प्रत्येक चिठ्ठी मोजावी लागते, आणि मोजायचं तर पुन्हा काढावी लागते. माझं खरं काम तिथंच होतं. गोल घ्या. इंचाला ताण्याचे धागे ४८ आणि बाण्याचे ३६ असतील, तर ४८ घरं रुंद गोलाला उंची ३६ ओळीच द्यायची. साध्या चौकोनी ग्राफवर ४८ बाय ४८ काढला, तर मागावरून अंडं उतरतं. फोटो काढताना यातलं काहीच डोक्यात येत नाही.

दुसरं म्हणजे, ४८ च्या डब्यात देवळाची जाळी आणि मोराचा डोळा शेजारी पडतात. विषयाच्या फोल्डरमध्ये त्यांची गाठ कधीच पडली नसती.

माझी सगळ्यात आवडती चिठ्ठी शेंगा चटणीच्या पुडीच्या कागदावर आहे. अक्कलकोट रोडवर जेवताना ताटात कडक भाकरी आली. पापडासारखी पातळ, आणि तिच्यावर तव्याचे डाग : मध्यभागी विरळ, कडेला दाट, प्रत्येक डागाभोवती फिकट कडं. भाकरी तशीच ठेवून मी आधी डाग कागदावर उतरवले. चिठ्ठी २४ च्या डब्यात गेली आणि दोन वर्षं पडून राहिली. मग एका टॉवेलला काठ हवा होता, मधे मोकळा आणि कडेला भरत जाणारा. फुलं, वेली, सगळं करून पाहिलं. शेवटी डबा उपडा केला आणि भाकरी हाताला लागली. कारखान्यात कुणी ओळखली नाही. आईनं टॉवेल हातात घेतला आणि म्हणाली, "ही तर भाकरी."

तारेवर सध्या यंदाच्या गड्ड्यातली, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली, एक चिठ्ठी आहे. देवळाजवळच्या संमती कट्ट्याकडे जाताना बाराबंदीतला (यात्रेचा पांढरा पोशाख) एकजण नंदीध्वजाची उंच काठी पेलत होता. काठी किंचित कलली आणि तो सरळ पाय टाकून तिच्याखाली गेला, तो क्षण. मी फक्त दोन रेघा काढल्यात : एक काठीची, एक पाठीची. तीनदा ग्राफवर घेतली. ४८ मध्ये कल दिसत नाही, ९६ मध्ये माणूस हरवतो. महिना उलटून गेलाय, तरी ती मी तारेवरून उतरवलेली नाही. उद्या ६४ घरांवर बसवून बघणार आहे. त्या आकड्याचा डबा आमच्याकडे नाही, पण ३८४ ला ६४ नं भाग जातो.