कलकत्त्याची १२ बोर दुनळी: मूळ किती, नंतरचे किती

तपासायची बंदूक: १२ बोर, साइड-बाय-साइड (नळ्या शेजारी-शेजारी), बॉक्सलॉक (चाप-यंत्रणा आत पेटीत), नॉन-इजेक्टर (रिकामी काडतुसे आपोआप बाहेर न फेकणारी), रिबवर, म्हणजे दोन नळ्यांमधल्या पट्टीवर, कलकत्त्याच्या दुकानाचे नाव. काम परवानाधारकासमोर, दोन्ही चेंबर रिकामे असल्याचे पाहून. फोरएंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) काढून नळ्या उतरवल्या की खरी तपासणी सुरू होते. बाहेरून दिसणारी चकाकी तोवर हिशोबात धरू नये.

नाव आणि प्रूफ मार्क

रिबवर कलकत्ता आणि नळ्यांच्या सपाट बुडाशी बर्मिंगहॅमचे प्रूफ मार्क (नळी दाब देऊन तपासल्याच्या खुणा), यात खोट नाही. मँटन, रॉडा यांसारखे कलकत्त्याचे व्यापारी बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतला माल आपल्या नावाने विकत. सावध व्हायचे ते उलट जोडी दिसल्यावर: वर भारदस्त इंग्रजी नाव आणि खाली अंडाकृतीत ‘ईएलजी’. ते लिएजचे, म्हणजे बेल्जियमचे काम. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ छापाच्या बेल्जियन बंदुका वेस्टली रिचर्ड्स समजून घेणारे आजही भेटतात.

या बंदुकीवर मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी. हा संच बर्मिंगहॅमने १९०४ पासून वापरला. छऱ्यांचा भार ‘१ १/८ औंस’ असा लिहिलाय. १९५४ नंतर दाब टनांत आणि बोर दशांश इंचात येतो, म्हणून ही नळी १९०४ ते १९५४ मधली. चौकटीतल्या १२ आणि सी या खुणेने काळ आणखी आवळता येत नाही, ती १८८७ पासूनची आहे. वर्षाचे अक्षर (१९२१ साठी ए) भिंगातून शोधले, पण त्या जागी पॉलिश फिरले आहे.

नंबर अ‍ॅक्शन (नळ्या जिला जोडतात तो लोखंडी सांगाडा), नळ्या, ट्रिगर गार्डची शेपटी आणि फोरएंडचे लोखंड या चारही ठिकाणी जुळतात. आकड्यांचा ठसा आणि कडा सगळीकडे सारख्याच झिजलेल्या आहेत, हे महत्त्वाचे. एकाच ठिकाणचा नंबर ताजा आणि धारदार दिसला असता तर तो नंतर ठोकलाय असे धरले असते.

बोर: इथेच घोळ निघाला

दोन्ही नळ्यांवर बोरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, मार्क १२ आहे, म्हणजे प्रूफच्या वेळी व्यास ०.७२९ ते ०.७४० इंचांच्या आत. इंग्रजी पद्धतीने माप चेंबरच्या बाजूने ९ इंचांवर घ्यायचे. डावी ०.७३१, ठीक. उजवी ०.७४२! गंजाचे खड्डे काढायला उजवी नळी आतून होन केलेली (घासून मोठी केलेली) आहे आणि मूळ मार्कच्या पुढे, १२/१ या पुढच्या मापात गेली आहे. नळी मूळचीच, पण प्रूफबाहेर. ती नव्याने प्रूफ झाल्याशिवाय तिच्यातून बार काढू नये.

भिंतीची जाडी याला पुष्टी देते: डावी सर्वांत पातळ जागी ०.०२७, उजवी ०.०२१ इंच. व्यास इंचाच्या ११ हजारांशाने वाढला तर एका बाजूची भिंत साडेपाच हजारांशाने कमी होणार, हिशोब बसतो. २० हजारांशाच्या खाली गेलेली नळी बहुतेक जाणकार नाकारतात.

होनिंगचा एक फसवा परिणाम चोकवर (नळी तोंडाशी किती आवळलेली आहे त्यावर) होतो. उजव्या नळीचे तोंड ०.७२४. आजच्या बोरमधून वजा केले तर १८ हजारांश, जवळजवळ हाफ चोक. डावीइतकाच मूळ बोर धरला तर फक्त ७, म्हणजे इम्प्रूव्हड सिलिंडर. विक्रीच्या जाहिरातीत ‘उजवी हाफ चोक’ असे दिसेल तेव्हा आधी बोर विचारा.

लांबी बरोबर २८ इंच आणि तोंडाशी दोन्ही नळ्या एकमेकींना टेकलेल्या. कापलेल्या दुनळीत तोंडाशी फट राहते, ती शिशाने किंवा रांगेने बुजवलेली असते आणि चोक गायब होतो. शिवाय परवानगीशिवाय नळी आखूड करणे हा शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ चा भंग आहे, त्यामुळे हा प्रश्न फक्त संग्राहकी किमतीचा नाही. स्लीव्हिंगची (जुन्या नळ्या कापून पुढे नव्या बसवल्याची) खूण नाही: नळीच्या मागच्या टोकापासून साधारण ३ इंचांवर नळीभोवती जोडाची बारीक रेघ आणि ‘स्लीव्हड’ हा शब्द, दोन्ही शोधले.

चेंबर गेजने ६५ मि.मी. ७० मि.मी.चे काडतूस यात सहज बसते, कारण मिटलेले काडतूस मापापेक्षा आखूडच असते. उघडल्यावर त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात अडकते आणि दाब चढतो. म्हणून ‘काडतूस बसते’ हा पुरावा नाही, गेजच लावायचा.

रंग आणि लाकूड

नळ्यांचा रंग निळसर-काळा, काचेसारखा. हे हॉट ब्लूइंग. मूळ काम हळूहळू गंज चढवून केलेले मऊ काळे असते. दुनळीला हॉट ब्लूइंग घातकच: कॉस्टिक क्षार रिब जोडणारा रांगेचा डाग (सोल्डर) खातात आणि रिबखाली अडकून वर्षानुवर्षे झिरपतात. इथे रिबच्या कडेला पांढरी भुकटी आहेच. नळ्यांखालच्या लोखंडी लंपला दोरीने टांगून नळ्यांवर लाकडाने टिचकी मारली तर आवाज घुमायला हवा, इथे बोदा येतो. रिब कुठेतरी सुटली आहे.

अ‍ॅक्शन मात्र सुखद. केस हार्डनिंगचे (लोखंडाचा पृष्ठभाग कठीण करताना उमटणारे) रंग उघड्या भागावरून उडालेत, टॉप लिव्हरखाली आणि नळी बसते त्या सपाटीवर शिल्लक आहेत, असेच असायला हवे. टॉर्चने पुन्हा आणलेले रंग सगळीकडे सारखे, पट्ट्यापट्ट्यांत दिसतात. स्क्रूंच्या खाचा अरुंद, बंदुकीच्या लांबीच्या रेषेत, न चावलेल्या.

दस्त्याचे लाकूड धातूपेक्षा केसभर वर आहे, म्हणजे घासलेले नाही. चेकरिंग (पकडीसाठी कोरलेली जाळी) इंचाला २२ रेघा. फोरएंडवर १८. तिथले लोखंड मूळ, लाकूड बदललेले.

उरलेले काम: फोरएंड न लावता नळ्या बंद करून हलवून पाहणे, आणि हूकवर (लंपमधली खाच, जी हिंज पिनवर बसते) पत्र्याची चकती डागली आहे का किंवा पंचाने ठोकून तो फुगवला आहे का ते भिंगाखाली तपासणे. ढिली दुनळी घट्ट भासवायचा तो स्वस्त उपाय आहे. योग्य दुरुस्ती म्हणजे नवी हिंज पिन, जिच्यावर नळ्या उघडमिट होतात.