सोलिहल ते अँगलसी: मोठी रेंज रोव्हर की स्पोर्ट?

बाबांनी पिंपरीला टाटांच्या टेल्कोत चौतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक वेल्ड शॉपमध्ये. त्यामुळे आमच्या घरी गाडी घ्यायची म्हटलं की रंग आणि किंमत हे विषय मागाहून येतात, आधी दार उघडून बिजागरी बघितली जाते. यंदा मे महिन्यात आई-बाबा आठ आठवड्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडला, सोलिहलला आले, तेव्हा माझं घोडं दोन गाड्यांपाशी अडलं होतं. लँड रोव्हरची मोठी रेंज रोव्हर घ्यावी, की रेंज रोव्हर स्पोर्ट? दोन्ही सेकंडहँड, सात-आठ वर्षं वापरलेल्या, दोन्हींत तेच तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेल इंजिन आणि तोच आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मग फरक कुठे आहे?

तो शोरूमभोवतीच्या दहा मिनिटांच्या चकरेत कळणार नव्हता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला त्याची स्पोर्ट विकायची होती, त्याने ती शनिवार-रविवार वापरायला दिली. कॉव्हेंट्रीच्या मित्राकडे मोठी रेंज रोव्हर होतीच. मी, बायको आणि मित्र, आम्ही दोन्ही गाड्यांसाठी दोन दिवसांचा तात्पुरता विमा काढला, वहिनींनी थालीपिठांचं पीठ भिजवलं आणि दोन्ही कुटुंबं वेल्सकडे निघाली. जायचं ठिकाण ठरलेलं होतं, अँगलसी बेटावरचा रेड व्हार्फ बे. १९४७ साली रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांनी याच किनाऱ्यावरच्या वाळूत एका शेतीउपयोगी गाडीचं रेखाटन केलं आणि आपल्या भावाला दाखवलं, असं सांगतात. त्यांची अँगलसीवर शेती होती आणि तिथे ते युद्धातली जुनी जीप वापरत. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४८ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर लोकांसमोर आली.

निघताना बाबांनी लोड लेनवरून जायचा आग्रह धरला. दोन्ही गाड्या जन्मल्या तो कारखाना या रस्त्यावर आहे. शनिवारी सकाळी तिथे बघण्यासारखं फारसं काही नव्हतं, कुंपण, छपरं आणि ट्रेलरची रांग. बाबा मात्र काच खाली करून शेवटचं छप्पर दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. जून २००८ मध्ये टाटांनी जग्वार-लँड रोव्हर घेतली, तेव्हा ते नोकरीत होते. शॉपमध्ये कुणीतरी पेढे आणले होते, ही आठवण त्यांनी त्या दिवसात तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा मला ती ऐकाविशी वाटली.

जाताना मी स्पोर्ट चालवत होतो. मागे आई-बाबा आणि लेक, शेजारी बायको. श्रूजबरीपुढे ए-५ रस्ता लागतो. टेलफर्ड या अभियंत्याने टपालाच्या घोडागाड्यांसाठी बांधलेला हा रस्ता डोंगरातूनही वीसास एकापेक्षा जास्त चढ घेत नाही, म्हणून तो घाट वाटतच नाही. वेल्समध्ये शिरलं की रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘आरव’ असं लिहिलेलं दिसू लागतं. वेल्श भाषेत त्याचा अर्थ सावकाश. ज्या नावाची मुलं आपल्याकडे घरोघरी आहेत, ते नाव इथे प्रत्येक वळणाआधी रस्त्यावर लिहिलेलं पाहून आईला फार मौज वाटली. २०२३ च्या सप्टेंबरपासून इथल्या वस्त्यांमध्ये ताशी वीस मैलांची मर्यादा आहे, त्यामुळे गावं खरोखरच आरव पार करावी लागतात.

कॅपेल किरिगला ए-५ सोडून आम्ही लानबेरिसच्या खिंडीकडे वळलो. हा मात्र खरा घाट. माथा ३५९ मीटरचा, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने ठेंगणा, पण दोन्ही बाजूंना गाडीएवढाले धोंडे आणि रस्त्याला अगदी चिकटून दगडी गडगे. इथे स्पोर्टने मला जिंकलं. स्टिअरिंग जरा वळवलं की नाक तिकडे जातं. वळणात अंग झुकत नाही, बाहेर पडताना इंजिन दम धरून ओढतं. दोन टनांहून जड गाडी आपण हाकतोय याचा विसर पडतो. त्या सहा-सात मैलांत मी मनाने व्यवहार करून टाकला होता.

लानबेरिसला तळ्याकाठी थांबलो. आई उतरली आणि गाडीला टेकून उभी राहिली. “मळमळत नाहीये रे,” ती म्हणाली, “पण सारखं कुणीतरी खांदे धरून हलवतंय असं वाटत होतं.” मागच्या सीटवरचं स्पोर्टचं रूप मला तेव्हा कळलं. खिडकीची रेघ मागे वर चढत जाते, छप्पर मागे उतरतं. त्यामुळे बुटक्या माणसाला बाहेरचं कमी दिसतं, आणि वळण दिसण्याआधीच अंगाला जाणवतं.

इथे थोडं कुळाबद्दल सांगायला हवं. १९७० ची पहिली रेंज रोव्हर दोन दारांची होती आणि आत पाण्याने धुऊन काढता येतील अशा सीट होत्या. स्पोर्ट आली २००५ साली, पण ती डिस्कव्हरीच्या सांगाड्यावर बेतलेली होती, म्हणजे नाव रेंज रोव्हरचं आणि नातं चुलत. २०१३ ला दुसरी स्पोर्ट आली ती मोठीच्याच ॲल्युमिनियमच्या बांधणीवर, तेव्हा दोघी सख्ख्या झाल्या. मी बघत होतो त्या याच पिढीतल्या. वापरलेली स्पोर्ट घेणाऱ्याने एक गोष्ट न चुकता बघावी. या पिढीत काही स्पोर्ट ‘लो रेंज’शिवाय, म्हणजे चिखलातून आणि खड्या चढावरून रांगत नेणाऱ्या दुहेरी ट्रान्सफर बॉक्सशिवाय विकल्या गेल्या आहेत. आत बसून ते बटण आहे का ते बघायचं, जाहिरातीतल्या शब्दांवर जायचं नाही. आणि घरात सहा-सात माणसं असतील तर प्रश्न उलटा सुटतो, कारण जादा दोन सीटची सोय या पिढीत स्पोर्टमध्येच मिळते. त्या सीट मुलांपुरत्याच समजाव्यात.

लानबेरिसला गाड्या बदलल्या आणि मोठी रेंज रोव्हर बायकोने चालवायला घेतली. आधी आईला चढवायचं होतं. बटण दाबलं की हवेच्या सस्पेन्शनवर गाडी पन्नास मिलिमीटर खाली बसते. ही सोय स्पोर्टलाही आहे, पण मोठीचं दार रुंद उघडतं. आईने आधी बैठक टेकली, मग एकेक पाय आत घेतला. गुडघेदुखीच्या माणसाला गाडीत चढायची हीच रीत, आणि तिला या दारात ती करता आली.

मेनाईची सामुद्रधुनी ओलांडून बेटावर आलो. रेड व्हार्फ बेकडे उतरणारी गल्ली एका गाडीपुरती आहे, दोन्हीकडे झुडपांची भिंत. समोरून ट्रॅक्टर आला. मी शेजारच्या सीटवर श्वास रोखून बसलो होतो. बायको शांतपणे चाळीसेक पावलं मागे आली, गाडी एका खाचेत सारली आणि ट्रॅक्टरवाल्याला हात केला. मग म्हणाली, “हिच्यात मला बॉनेटचे दोन्ही कोपरे दिसतात. मागची काचही मोठी आहे. स्पोर्टमध्ये तू अंदाजाने चालवत होतास.”

हे मला कुठल्याच रिव्ह्यूमध्ये नीट वाचायला मिळालं नव्हतं. आरसे धरून रुंदीला दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच आहेत. पण मोठीत बसायची जागा उंच, खिडकीची रेघ खाली आणि नाक चौकोनी, म्हणून तिची कड कुठे संपते ते डोळ्यांना कळतं. अरुंद रस्त्यावर मोठी गाडी सोपी वाटते ती यामुळे. रोज शाळेच्या गल्लीत गाडी घालणारी बायको आहे, मी नाही.

ओहोटी होती. पाणी इतकं मागे गेलेलं की समोर नुसती ओली, सुरकुतलेली वाळू आणि तिच्यात आभाळ. भरती इथे झपाट्याने येते, म्हणून गाड्या वर वाहनतळावरच ठेवल्या. मोठीचं मागचं दार दोन फळ्यांचं आहे. वरचा भाग वर जातो, खालचा आडवा पडतो, आणि त्याचा छान ओटा होतो. स्पोर्टचं दार एकसंध, ते डोक्यावर उघडतं आणि बसायला काही उरत नाही. आई आणि वहिनी त्या ओट्यावर बसल्या, मधे डबा उघडला, थर्मासमधला चहा ओतला.

बाबा गाडीभोवती फिरत होते. दाराच्या चौकटीपाशी वाकून रबराची पट्टी त्यांनी बोटाने जरा बाजूला केली आणि नखाने एकेक गोल खूण मोजली. “स्पॉट वेल्ड नाहीत हे. रिव्हेट आहेत.” मी म्हटलं, हो, ॲल्युमिनियमचं अंग आहे, रिव्हेट आणि चिकटद्रव्य, विमानासारखं. ते बराच वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. आयुष्यभर पोलादाला ठिणग्यांनी जोडणाऱ्या हातांना ही जोडणी कशी वाटत असेल, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “प्रत्येक रिव्हेट सारख्या अंतरावर आहे,” एवढंच ते म्हणाले. बाबांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

रविवारी परत येताना ऑग्वेन तळ्याकाठच्या ए-५ वरून मी मोठी चालवली. खिंडीतली ती मजा नव्हती. वळणात ती किंचित झुकते, मग सावरते, आणि आपणही आपोआप वेग कमी करतो. आई बेथेस्डापासून लँगॉलनपर्यंत झोपली होती, तोंड उघडं, चष्मा मांडीवर.

स्पोर्ट मला अजूनही आवडते. एकटा असतो, लेक कॉलेजात गेलेली असती, तर तीच घेतली असती. विमाही विचारून पाहिला. चोऱ्यांमुळे दोन्हींचा हप्ता जड आहे, त्या हिशेबाने कुणाचंच पारडं खाली गेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर बाबा घरापुढे टेप घेऊन उभे होते आणि टेपचं दुसरं टोक लेकीने गॅरेजच्या दाराशी धरलं होतं. मोठीची लांबी ४९९९ मिलिमीटर, हे मी आदल्या रात्री सांगितलं होतं. “पाच मीटर तीस सेंटीमीटर,” बाबा म्हणाले. “मागची फळी खाली पाडायची असेल तर गाडी उलटी लावायला लागेल, तोंड गॅरेजकडे नको.” आणि त्यांनी खडूने फरशीवर मागच्या चाकांची जागा आखायला घेतली.